मंजरीची खाट

मंजरीचं अपेंडिक्स केव्हाही फुटेल, ऑपरेशन आजच हवं, असं सर्जन सांगून गेले. तरी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात तिला खाट मिळेना. मंजरी तृतीयपंथी. पुरुषांच्या वॉर्डात तिची टवाळी झाली, आणि बायकांच्या वॉर्डात अधीक्षक डॉक्टर कुरुंदवाडे तिला घेईनात.

“बायका तक्रार करतील,” ते मंजरीच्या गुरूला, चंपाअम्मांना म्हणाले. “तक्रार येणार नाही असा वॉर्ड दाखवा, लगेच दाखल करतो.”

“शब्द दिलात ना साहेब? मग चला.”

बायकांच्या वॉर्डाच्या दारात उभं राहून अम्मांनी एक खणखणीत टाळी वाजवली. ती ऐकताच एक आजी तान्हं बाळ घेऊन लगबगीनं आली.

“बरी आलीस गं बाई! आमच्या नातीच्या डोक्यावर हात ठेव.”

“ठेवते की. पण माझी लेक बाहेर बाकावर तळमळतेय. साहेब म्हणतात, तिला इथे खाट दिली तर तुम्ही तक्रार कराल.”

“मी?” आजी कडाडली. “अहो डॉक्टर, आशीर्वादाला चालते आणि खाटेला चालत नाही होय?”

“आमच्या नावावर कशाला खपवता?” बाकीच्या बायाही उठून बसल्या. “आणा पोरीला आत!”

साहेबांनी स्ट्रेचर मागवलं.

ऑपरेशन नीट पार पडलं. मंजरीनं डोळे उघडले, तेव्हा कुठे अम्मांच्या जिवात जीव आला. संध्याकाळी राउंडला आलेल्या साहेबांनी हळूच विचारलं, “अम्मा, खरंच कुणी तक्रार केली असती तर?”

“तर तुमच्या खोलीत खाट टाकली असती,” अम्मा हसल्या. “सकाळपासून तक्रार तुमची एकट्याचीच होती साहेब. मग ती तुम्ही अधीक्षक म्हणून तुमच्याकडेच केली असतीत.”