गादीतला चिंचोका

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा घाट चढायला गाडीरस्ता नव्हता. झाडांमधून वर जाणारी एक तांबडी पायवाट तेवढी होती.

घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथली माणसं खालचं मीठ वर न्यायची आणि वरचं धान्य खाली आणायची. पाठीवर चामड्याचा थैला, थैल्याला रुंद पट्टा, आणि तो पट्टा खांद्याला काचू नये म्हणून त्याच्याखाली हातभर लांबीची एक लहानशी गादी.

ही गादी घरातल्या बाईनेच शिवायची, अशी तिथली रीत होती. जुन्या लुगड्याचे पदर एकावर एक ठेवायचे, आत कापूस भरायचा. मध्ये जास्त, कडांना कमी. कापूस सरकू नये म्हणून वरून आडवे-उभे टाके घालायचे. पट्टा ओवायला दोन बंद शिवायचे. आणि शेवटची शिवण मिटण्याआधी आत एक चिंचोका घालायचा. तो बरोबर खांद्याच्या हाडावर यायचा आणि ओझं वाहणाऱ्याला सारखा टोचायचा.

का घालायचा, ते कुणाला माहीत नव्हतं. पण चिंचोका नसलेली गादी त्या गावात कुणी पाहिली नव्हती.

त्या गावात एक तरुण हमाल राहायचा. घरात त्याची आई, बायको आणि तान्ही मुलगी. मुलगी तुळईला बांधलेल्या झोळीत निजायची. बायको दूरच्या गावाहून लग्न होऊन आली होती.

एका वर्षी त्याची जुनी गादी फाटली. म्हातारीला आता सुईत दोरा ओवता येत नव्हता. ती सुनेला म्हणाली, "सूनबाई, यंदाची गादी तू शीव. आणि चिंचोका विसरू नकोस हो."

"आत्याबाई, गादी मऊ हवी म्हणून शिवायची, आणि मग त्यात टोचणारी बी घालायची? हे कसलं शहाणपण?"

"मला काय ठाऊक! माझ्या सासूने घाल म्हटलं, मी घातला. तोंड वर करून विचारायची सोय होती होय आमच्या वेळी?"

सून हसली. पण तिने नवऱ्याचा खांदा पाहिला होता. चिंचोका टोचून टोचून तिथे काळा घट्टा पडला होता. तिचा जीव कळवळला. तिने सावरीचा मऊ मऊ कापूस आणला, बारीक टाक्यांनी सुरेख गादी शिवली आणि चिंचोका कोनाड्यात ठेवून दिला.

"घातलास ना गं?" म्हातारीने विचारलं.

"घातला," सून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी हमाल घाट चढून परत आला तो गाणं गुणगुणतच.

"अगं, काय जादू केलीस? खांद्यावर पाखराचं पीस ठेवल्यासारखं वाटलं बघ."

सुनेला धन्य वाटलं. त्या दिवशी दुपारभर झोळीचा दोर करकरत होता, पण दोर जुना झाला असेल म्हणून तिने तिकडे लक्ष दिलं नाही.

मग तो एकाच्या जागी दोन थैले उचलू लागला. पुढे तीन. बाकीचे हमाल घाटाच्या मध्यावर दगडी कट्ट्याशी थांबायचे, ओझी उतरवायचे, पाणी प्यायचे. हा थांबेनासा झाला.

"अरे, टेक की जरा!" ते हाक मारायचे.

"तुम्ही टेका. म्हातारे झालात तुम्ही!" असं म्हणून हा पुढे.

घरी आल्यावरसुद्धा तो थैला पाठीवर तसाच ठेवून जेवायला बसू लागला. बायकोने सांगितलं की मगच उतरवायचा. "अरेच्चा, आहे होय अजून पाठीवर?" असं म्हणून हसायचा.

एका संध्याकाळी सुनेने अंगण सारवलं होतं. ते अजून ओलं होतं, तेवढ्यात तो तीन थैले धान्य घेऊन त्यावरून चालत घरात गेला. म्हातारी पायरीवर बसली होती. तिला दिसत कमी होतं, म्हणून ती अंगण बोटांनी चाचपू लागली.

"सूनबाई, इकडे ये. तुझी पावलं लागतात हाताला. कोंबडीची लागतात. माझ्या लेकाची कुठायत?"

सुनेने वाकून पाहिलं. ओल्या शेणात कोंबडीच्या नखांच्या रेघासुद्धा उमटल्या होत्या. तो जिथून चालत गेला, तिथे काहीच नव्हतं.

तिच्या अंगावर काटा आला. पण ती काही बोलली नाही. बोलली असती तर चिंचोक्याचं सांगावं लागलं असतं.

पुढे वरच्या गावातल्या देवळासाठी एक मोठी घंटा आली. ती बांबूला बांधून पुष्कळ जणांनी मिळून न्यायची असं ठरत होतं. हा पुढे झाला. "कशाला एवढी माणसं? मी एकटा नेतो."

"आणि आम्ही काय मागून टाळ्या वाजवायच्या?" एक जण म्हणाला. सगळे हसले. पण त्याने खरोखरच घंटा उचलली. तिची जीभ फडक्याने बांधली, घंटा पाठीवर घेतली, पट्टा खांद्यावर टाकला आणि शीळ घालत निघाला. मग कुणी हसलं नाही.

इकडे घरी सुनेने मुलीला पाजायला म्हणून झोळीत हात घातला. मुलगी उचलली जाईना. तिने दोन्ही हात घातले, पाय रोवले, जोर लावला. मुलगी जागची हलली नाही. जणू कुणी तिला झोळीलाच शिवून टाकलं होतं.

मुलगी रडत नव्हती. डोळे उघडे होते. ओझं घेऊन चढ चढणारी माणसं जसा जपून जपून दम घेतात, तसा ती श्वास घेत होती.

वर तुळई कण्हली. दोराचा एक पीळ तट्‌कन तुटला.

"आत्याबाई!" सून किंचाळली.

म्हातारी चाचपडत आली. तिने मुलीच्या अंगाला हात लावला. मग दोर चाचपला. मग सुनेचा चेहरा चाचपला, आणि तो ओला लागला.

"चिंचोका घातला नव्हतास," म्हातारी म्हणाली.

"नाही. त्यांना टोचतो म्हणून..."

 म्हातारी जमिनीवर हातपाय टेकून ओणवी झाली आणि सरकत सरकत झोळीखाली गेली. झोळी तिच्या पाठीवर टेकली. म्हातारीच्या तोंडून एक हुंकार निघाला.

"पळ आता," ती खालून म्हणाली. "माझी पाठ जुनी आहे. फार वेळ पुरायची नाही."

सुनेने कोनाड्यातला चिंचोका मुठीत घेतला, सुई-दोरा पदराला खोचला आणि ती पळत सुटली.

घाटात भर दुपारी एक पाखरू बोलत नव्हतं. पायवाटेवर तांबडी माती होती. तिच्यात हमालांची खोल पावलं होती, शेळ्यांची होती, कुठे कोल्ह्याची होती. नवऱ्याची नव्हती. मग तिने पावलं नसणं हीच खूण धरली. जिथे वाटेवरचं गवत मोडलं होतं आणि तरी मातीवर काही उमटलं नव्हतं, तिथून तो गेला होता.

कट्ट्याच्या थोडं पुढे तो दिसला. एवढी मोठी घंटा पाठीवर, आणि चाल अशी, की वाळकं पान वाऱ्याने पुढे सरकावं.

"अहो! उतरवा ती!"

तो वळला. त्याचं तोंड हसरं होतं, पण डोळे झोपेतल्या माणसासारखे.

"काय उतरवू?"

"घंटा!"

"कसली घंटा?" त्याने दोन्ही हात पसरून दाखवले. "बघ की. काही नाही माझ्यापाशी."

त्याला खरंच आठवत नव्हतं. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा दगडासारखा गार होता. आणि तिला, इतक्या लांबून, घरच्या तुळईचं कण्हणं स्पष्ट ऐकू आलं.

तिने त्याचा हात धरून त्याला मागे कट्ट्याशी नेलं. "जरा टेका इथं. माझ्यासाठी."

"तू दमलीस होय?" असं म्हणत तो लहान मुलासारखा कट्ट्याला पाठ लावून उभा राहिला. घंटेचा काठ दगडावर नीट आला, ते तिने आधी पाहिलं. मग गादीची शिवण दातांनी उसवली, चिंचोका बोटाने आत ढकलला, बरोबर खांद्याच्या हाडावर, आणि वरून पट्टा दाबला.

"आई गं!" तो ओरडला.

त्याच्या डोळ्यांतली झोप उडाली. गुडघे वाकले. टाचा मातीत रुतल्या. कट्टा नसता तर त्याच्या पाठीचा कणा मोडला असता. पट्टा खांद्यावरून निसटला, घंटा कट्ट्यावर कलंडली, फडकं सुटलं आणि ती वाजली. तिचा आवाज साऱ्या घाटात घुमला, खाली गावापर्यंत गेला.

गावातली माणसं नंतर सांगायची, त्या आवाजासरशी त्या घरातली झोळी वाऱ्याने उडवल्यासारखी वर उसळली आणि मुलगी मोठ्याने रडू लागली.

मागून बाकीचे हमाल येऊन पोचले. बांबू आणला, सगळ्यांनी मिळून घंटा उचलली. तिचा नवराही त्यांच्यात एक खांदा देऊन गेला. निघण्याआधी बायकोने कट्ट्यावर बसून गादीची शिवण पुन्हा घातली.

"टोचतंय गं," तो हळूच म्हणाला.

"टोचू दे," ती म्हणाली, आणि तेव्हा तिने त्याला सगळं सांगितलं.

त्या दिवसापासून तो जेवढं पेलेल तेवढंच उचलू लागला आणि कट्ट्याशी सगळ्यांबरोबर थांबू लागला. अंगणात त्याची पावलं पुन्हा उमटू लागली. म्हातारी मात्र पुन्हा कधी ताठ उभी राहिली नाही.

मुलगी वाढली, हसली, खेळली. पण तिच्या इवल्याशा खांद्यावर एक रुंद, लालसर पट्टा उमटला होता. तो तेल चोळून गेला नाही, वयानेही गेला नाही. रोज संध्याकाळी थैला उतरवला की बाप आधी तो वण पाहायचा, मग पाणी प्यायचा.

मुलांनो, आणि मुलांच्या आईबाबांनो, एवढं ध्यानात ठेवा: जे ओझं आपल्याला जाणवत नाही ते नाहीसं झालेलं नसतं, आपलंच कुणीतरी ते मुकाट्याने वाहत असतं.