पायाळू मुखत्याराचा मेणा

ही गोष्ट जशी घडली तश्शी सांगतो, एका अक्षराचा फरक नाही. अक्षरांशी माझी ओळख दुसरीपर्यंतचीच, तेव्हा फरक पडलाच तर तो वाचणाऱ्याने आपल्या पदरचा समजावा.

तर फार मागे, म्हणजे खोटं पकडायला एकही साक्षीदार उरू नये इतक्या मागे, डोंगराआड एक राज्य होतं. राज्याच्या टोकाला सात वाड्यांचं एक खोरं होतं. राजाचा रिवाज असा, की दर खोऱ्याने आपला एक माणूस निवडून दरबारात पाठवायचा. त्याला मुखत्यार म्हणत. खोऱ्याचं गाऱ्हाणं दरबारात न्यायचं आणि दरबाराचा नकार खोऱ्यात गोड करून सांगायचा, एवढंच त्याचं काम.

सात वाड्यांनी निवडलेला मुखत्यार पायाळू होता. पायाळू म्हणजे जन्मताना डोक्याआधी पाय बाहेर आलेला. अशा माणसाचा पाय पाठीला लागला की भरलेली उसण उतरते, असं तिकडची माणसं मानत. खरं की खोटं ते कंबर धरलेल्या माणसाला विचारू नये, तो कशालाही हो म्हणतो.

पोरवयापासून हा वाडीवाडीतून हिंडायचा, पाठीला पाय लावायचा आणि लावता लावता घरातलं सगळं ऐकून घ्यायचा. कुणाची म्हैस आटली, कुणाची सून रुसली, कुणाचा बांध सरकला, सगळं त्याला तोंडपाठ. निवडीचा दिवस आला तेव्हा निम्म्या खोऱ्याच्या पाठीवर त्याचा पाय पडून गेला होता. मग दुसऱ्या कुणाला कोण विचारतो?

माणूस मनाचा चांगला. मुखत्यार झाल्यावर त्याला दरबारातून एक मेणा मिळाला. सगळ्याच मुखत्यारांना मिळे. मेणा म्हणजे पडदे लावलेली पालखी. आत मऊ गादी, बाहेर चार भोई. भोई त्याच्याच खोऱ्यातले होते. पहिल्या दिवशी त्याला आत बसायला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी कमी वाटली. तिसऱ्या दिवशी गादीला त्याच्या आकाराचा खळगा पडला.

एका वर्षी राजाचा खजिना तळाला गेला. राजाने सगळे मुखत्यार बोलावले आणि म्हणाला, “मागायला सगळे येता. सोडायला कुणी येत नाही. काय करू?”

सगळे एकमेकांच्या पागोट्यांकडे बघू लागले. आपला पायाळू उभा राहिला.

“महाराज, एक नियम करा. ज्याला आपल्या खोऱ्यासाठी एक नवं हवं, त्याने दरबाराच्या खर्चाने चाललेलं आपल्याच खोऱ्यातलं एक जुनं परत द्यावं. नवं एक, जुनं एक. आणि द्यायचं ते कामाशिवाय बसलेलं असावं, लोकांच्या तोंडचं काढून नव्हे.”

राजा खूश झाला. त्याने मुखत्याराला शेला दिला, नियमाची दवंडी पिटली. बाकीच्या मुखत्यारांनीही टाळ्या वाजवल्या, पण जावयाच्या गाण्याला वाजवाव्यात तशा.

शेला पांघरून मुखत्यार मेण्यातून खोऱ्यात आला. वडाखाली मेणा उतरला. त्याने आधी चौघा भोयांच्या पाठींना पाय लावून दिला, मग गाऱ्हाणी ऐकायला बसला. पहिलीच उठली आक्का.

आक्का म्हणजे खोऱ्यातली सुईण. सातही वाड्यांत तिच्या हातून न आलेलं माणूस शोधून सापडायचं नाही. त्यामुळे ती कुणालाही अरेतुरे करायची, आणि मुखत्याराला तर करायचीच.

“नवा शेला बरा दिसतो,” आक्का म्हणाली. “आता कामाचं ऐक. ओढ्यावर साकव पाहिजे, लाकडी का असेना, पायी ओलांडण्यापुरता.”

“साकव कशाला, आक्का? उन्हाळ्यात तर ओढ्यात पाऊल भिजत नाही.”

“पोरं काय उन्हाळा बघून येतात? गेल्या श्रावणात पलीकडच्या वाडीत एक लेकुरवाळी अडली. निरोप आला तशी निघाले. गळ्याएवढ्या पाण्यातून दोनदा मागे फिरले. तिसऱ्या दिवशी पोचले तर आई आणि मूल दोघं देवाने सांभाळलेली. दर वर्षी देवाला सवड असेल असं नाही. यंदा तिथल्याच एका घरची धाकटी सून श्रावणात मोकळी व्हायची आहे. पहिलटकरीण आहे, अंगानं बारीक. मला त्या दिवशी पलीकडे असलं पाहिजे.”

मुखत्याराला ती पोर आठवली. तिच्या सासऱ्याची उसण त्याने तीनदा उतरवली होती. तो म्हणाला, “साकव होईल. शब्द देतो.”

शब्द देऊन झाल्यावर त्याला नियम आठवला. नवं एक, जुनं एक. शेला एकदम गरम व्हायला लागला.

आधी त्याने चलाखी करून पाहिली. खोऱ्यात सरकारी हत्तीसाठी बांधलेला एक हत्तीखाना होता आणि हत्ती काही आयुष्यात आला नव्हता. हत्तीखाना परत देतो, असा निरोप त्याने दरबारात धाडला. कारकुनाचा उलटा निरोप आला, “हत्तीखान्याचा खर्च आपणच गेल्या वर्षी बंद करवलात. तेव्हाही शेलाच मिळाला होता.”

मग तो मेण्यात बसून वाडीवाडी फिरू लागला. परत द्यायचं काहीतरी सापडेलच, असं त्याला वाटत होतं.

पहिल्या वाडीला दरबाराचा नगारा होता. वाडीकर म्हणाले, “नगारा कसा देणार? वणवा लागला तर? त्यापेक्षा दुसऱ्या वाडीची पाणपोई काढा. तिथं पाणी कमी आणि गप्पा जास्त.”

दुसऱ्या वाडीने पाणपोईला हात लावू दिला नाही. “उन्हात वाटसरू मेला तर पाप कुणाच्या माथी? तिसऱ्या वाडीत माकडं हाकायला एक माणूस ठेवलाय, तो काढा. तिथं एक माकड दिसत नाही.”

तिसऱ्या वाडीचा माकडं हाकणारा म्हणाला, “दिसत नाही, कारण मी आहे. मी गेलो की बघा.” त्याच्याशी वाद घालता येईना. त्याने चौथ्या वाडीच्या धर्मशाळेकडे बोट केलं. चौथीने पाचवीकडे केलं. असं करत करत सातव्या वाडीने पहिलीच्या नगाऱ्याकडे बोट केलं, आणि मुखत्यार जिथून निघाला तिथेच येऊन पोचला.

तीन दिवस असे गेले. दर वाडीला शेजारच्या वाडीची उधळपट्टी लख्ख दिसत होती. आणि पडद्याच्या फटीतून बघताना मुखत्यारालाही सातही वाड्यांचं सगळं दिसत होतं.

चौथ्या दिवशी सकाळी वडाखाली मेणा टेकला आणि चारही भोई जे आडवे झाले ते उठेनात. तीन दिवसांच्या चढउतारात चौघांच्या कंबरा धरल्या होत्या. मुखत्याराला कळवळा आला. त्याने जोडे काढले, धोतर सावरलं आणि एकेकाच्या पाठीला पाय लावू लागला. आक्का शेजारी सुपारी कातरत बसली होती.

“मिळालं का काही?” तिने विचारलं.

“नाही गं आक्का. सात वाड्यांत काडी उचलली तर काडीवाला ओरडतो. कामाशिवाय बसलेलं काहीच नाही.”

“बसलेलं एक आहे,” आक्का म्हणाली. मग तिने थोरल्या भोयाला विचारलं, “काय रे, मुखत्यारसाहेबांचं वजन किती?”

भोई पालथा पडल्या पडल्या अदबीने म्हणाला, “साहेब तसे हलकेच आहेत. चढणीला जरा मोठे होतात.”

मुखत्याराचा पाय भोयाच्या पाठीवरच थांबला.

“उसण तूच भरवतोस आणि तूच उतरवतोस,” आक्का म्हणाली. “म्हणजे तुझं नाव दोन्हीकडून होतं. तीन दिवस तू परत द्यायची वस्तू शोधत हिंडलास, लेका, आणि हिंडलास तिच्यातच बसून.”

“मेणा?” मुखत्यार म्हणाला. “मेणा खर्चात कसा धरायचा? तो दरबाराचा मान आहे. पायी गेलो तर बाकीचे मुखत्यार काय म्हणतील? आणि खोऱ्याची काय शोभा राहील?”

“पलीकडची पोर अडली तर खोऱ्याची शोभा कशी दिसते ते मी बघितलंय. आणि तुला बाहेर काढायला मी दोन रात्री जागले. डोकं यायच्या आधी तुझे पाय आले. असा पायांनी आलेला माणूस पाय टाकायचं विसरतो?”

मुखत्याराने भोयाच्या पाठीवरचा पाय खाली घेतला. त्याने मेण्याकडे पाहिलं. बाहेरून तो त्याने खरं तर कधी नीट पाहिलाच नव्हता. बराच मोठा होता. दांडा सागाचा, पुरुषाच्या मांडीएवढा.

त्याने चौथ्या भोयाची उसण उतरवली, कारण अर्धं काम टाकून जाणं बरं नव्हे. मग चौघांना पडून राहा म्हणाला आणि राजधानीची वाट पायी धरली.

वाट दोन दिवसांची. पहिल्या कोसातच त्याला कळलं की रस्त्यात खड्डे आहेत. सात वर्षं त्याच रस्त्याने जाऊन त्याला ते माहीत नव्हते. दरबारात पोचला तेव्हा पायांना फोड आले होते आणि शेला डोक्याला बांधलेला होता.

मुखत्यार मंडळी तोंडावर उपरणी धरून हसली. राजाने विचारलं, “नियमवाले मुखत्यार, आज काय मागणं?”

“एक साकव, महाराज.”

“आणि परत काय?”

“माझा मेणा. चार भोयांच्या रोजासकट.”

हसू थांबलं. काही मुखत्यार हळूच उठून आपापल्या मेण्यांना झाकायला काही मिळतं का ते बघू लागले. राजाने नियमाप्रमाणे साकव मंजूर केला. त्यानंतर दरबारापुढची मेण्यांची रांग आखूड झाली म्हणतात. फार नाही, दोनाने. गोष्ट आहे म्हणून वाटेल ते सांगू नये.

भोयांना तेवढाच रोज आता साकवाच्या कामावर मिळू लागला, खांद्यावर फक्त मुखत्याराऐवजी साकवाची लाकडं आली. ती वाहणं सोपं पडतं, असं थोरला भोई म्हणाला; लाकूड चढणीला भाषण करत नाही. परत घेतलेल्या मेण्याचा सागवानी दांडा दरबाराने साकवालाच दिला, तो कठड्याला लागला. मुखत्यार पुन्हा वाडीवाडीतून पायी हिंडू लागला. उसणीची गिऱ्हाइकं मात्र चारांनी घटली.

श्रावणात ओढा दुथडी भरला, आणि त्याच दिवशी पलीकडून निरोप आला. आक्का दांड्याला धरून साकवावरून तरातरा गेली. दुपार व्हायच्या आत पोर मोकळी झाली. मुलगी झाली, डोक्याने आली, आणि आल्या आल्या असं रडली की अलीकडच्या काठावर उभ्या मुखत्याराला ऐकू गेलं. त्याने डोळे पुसले. पावसात ते कुणाला कळलं नाही, पण मला कळलंय.

पुढच्या आठवड्यात त्याने पाथरवट बोलावला आणि साकवाच्या तोंडाशी एका दगडावर बोध कोरून घेतला. लहानांनी वाचावा, मोठ्यांनी दोनदा वाचावा:

राज्याचा खर्च कापायला निघालेल्याने आधी बघावं, आपण कुणाच्या खांद्यावर बसलो आहोत.

दगडावर खाली हातभर जागा उरली होती. मुखत्यार त्या जागेकडे बघत जरा घुटमळला. आक्का पलीकडून येत होती, बाळाच्या घरची खारीक चघळत.

“आक्का,” तो म्हणाला, “इथं खाली माझं नाव घालावं म्हणतो. बारीक अक्षरांत. तुला काय वाटतं?”

आक्काने दगड वाचला, मग त्याच्याकडे पाहिलं.

“घाल की,” ती म्हणाली. “नवं एक मागितलंस. जुनं काय परत देतोस?”