चिंगीची शेंग पेटीत पडली

बसलात का मांडी घालून? पाय आत, कान बाहेर. आता ऐका.

एक होती खार. एवढीशी. तिचं नाव चिंगी.
चिंगी राहायची चर्चच्या आवारात, चिंचेवर.
उन्हाळ्यात तिची नुसती चैन होती!

ईस्टरच्या पहाटे सगळे गात गात आले. चहा झाला, बिस्किटं झाली. चिंगीला चुरा मिळाला.
मे महिन्यात पोरांची सुट्टीतली बायबल शाळा भरली. पोरांनी चित्रं रंगवली, चिवडा खाल्ला. चिंगीला चुरमुरे मिळाले.
संध्याकाळी तरुण संघाचं नाटक बसायचं. एस्तेरताई झाली मेंढपाळ. शलमोनदादा झाला मेंढी. एवढा मिशावाला दादा, आणि बें बें करत रांगायचा! तिथं चिंगीला भेळ मिळाली.

मग आला सहलीचा दिवस. नदीकाठच्या आमराईत जायचं होतं.
सहलीची एक रीत होती. प्रत्येकानं घरून काहीतरी आणायचं. सगळं एकत्र मांडायचं. वाटून खायचं. त्याला म्हणायचं प्रीतिभोजन.

चिंगी म्हणाली, "उन्हाळाभर मी दुसऱ्यांचंच खाल्लं. आज मी रिकाम्या हातानं जायची नाही!"
तिच्या ढोलीत एक शेंग होती. भुईमुगाची. शेवटची. आत दोन दाणे. हलवली की वाजायची, खुळखुळ, खुळखुळ.
चिंगीनं शेंग तोंडात धरली. तुरुतुरु तुरुतुरु, टुणुक! बसली टेंपोत.

टेंपोत कोण कोण होतं? बाबा होते. आई होती. आईच्या मांडीवर हन्नीबाळ होतं. हन्नीची एस्तेरताई होती. हन्नीचा शलमोनदादा होता. आणि बायबल शाळेतली पोरं होती, ती तर खच्चून भरलेली.
मधोमध होती बाबांची पेटी. गाण्याची, भों भों वाजणारी. त्या पेटीवर चिंगी. चिंगीच्या तोंडात शेंग.

टेंपो निघाला. घर्रर्र, घर्रर्र.
आला एक खड्डा. धाडकन!
शेंग उडाली. टुणुक!
पेटीच्या झाकणाला होती एक फट. फटीतून शेंग गेली आत.
खुळखुळ... खुळ... गप्प!

चिंगी रडवेली झाली. सगळे काहीतरी आणणार. आणि आपण? रिकाम्या हातानं?
आमराई आली. सगळे उतरले. पेटीही उतरली, सतरंजीवर बसली.

चिंगी गेली पेटीकडे. तुरुतुरु तुरुतुरु, टुणुक!
"पेटी, पेटी, माझी शेंग दे ना!"
पेटी म्हणाली, "भों! देते की. पण बाबांशिवाय मी उघडत नाही."

चिंगी गेली बाबांकडे. तुरुतुरु तुरुतुरु, टुणुक!
बाबा आंब्याखाली पाय पसरून बसले होते. टोपीनं वारा घेत होते.
"बाबा, बाबा, पेटी उघडा ना!"
"का गं चिंगे, काय झालं?"
चिंगी म्हणाली,
"माझी शेंग पडली पेटीत.
पेटी म्हणते, बाबांशिवाय उघडत नाही.
आणि माझी शेंग मला मिळत नाही!"
"अरेरे," बाबा म्हणाले. "उघडतो की. पण आमराईत केवढी धूळ! उगाच उघडली तर पेटी खोकेल. ढोलकी वाजू दे, मग पेटीपाशी बसतो. ढोलकीशिवाय मी बसत नाही."

चिंगी गेली शलमोनदादाकडे. तुरुतुरु तुरुतुरु, टुणुक!
दादा ढोलकी पोटाशी धरून कैरी खात होता.
"दादा, दादा, ढोलकी वाजव ना!"
"का गं चिंगे, काय झालं?"
चिंगी म्हणाली,
"माझी शेंग पडली पेटीत.
पेटी म्हणते, बाबांशिवाय उघडत नाही.
बाबा म्हणतात, ढोलकीशिवाय बसत नाही.
आणि माझी शेंग मला मिळत नाही!"
"अरेरे," दादा म्हणाला. कैरी आंबट होती, त्यानं एक डोळा मिटला. "वाजवतो की. पण ताईनं गाणं धरू दे. गाण्याशिवाय मी ताल धरत नाही."

चिंगी गेली एस्तेरताईकडे. तुरुतुरु तुरुतुरु, टुणुक!
ताई रंगीत पताका बांधत होती. या फांदीपासून त्या फांदीपर्यंत. फडफड, फडफड.
"ताई, ताई, गाणं म्हण ना!"
"का गं चिंगे, काय झालं?"
चिंगी म्हणाली,
"माझी शेंग पडली पेटीत.
पेटी म्हणते, बाबांशिवाय उघडत नाही.
बाबा म्हणतात, ढोलकीशिवाय बसत नाही.
दादा म्हणतो, गाण्याशिवाय ताल धरत नाही.
आणि माझी शेंग मला मिळत नाही!"
"अरेरे," ताई म्हणाली. "म्हणते की. पण गायला पोरं नकोत का? एकटीनं काय झाडांना गाणं ऐकवू? पोरांशिवाय मी गात नाही."

चिंगी गेली पोरांकडे. तुरुतुरु तुरुतुरु... आणि थांबली!
पोरं नदीत होती. छपाक, छपाक! पाणी गुडघ्याएवढं, आरडाओरडा आभाळाएवढा.
चिंगीला पाण्याची भीती. ती एका दगडावर बसली. शेपूट वर धरलं, ओलं होऊ नये म्हणून.
"पोरांनो, पोरांनो, बाहेर या ना!"
"का गं चिंगे, काय झालं?"
चिंगी म्हणाली,
"माझी शेंग पडली पेटीत.
पेटी म्हणते, बाबांशिवाय उघडत नाही.
बाबा म्हणतात, ढोलकीशिवाय बसत नाही.
दादा म्हणतो, गाण्याशिवाय ताल धरत नाही.
ताई म्हणते, पोरांशिवाय गात नाही.
आणि माझी शेंग मला मिळत नाही!"
"अरेरे," पोरं म्हणाली. "येतो की. पण घंटा होऊ दे. घंटेशिवाय आम्ही निघत नाही!"
आणि पुन्हा छपाक!
म्हशीसुद्धा पाण्यातून लवकर निघतात. पोरं नाही निघत.

आता घंटा कुठली? चर्चची घंटा काही टेंपोत मावत नाही. म्हणून आईनं फांदीला पितळी थाळी टांगली होती. डावानं वाजवायची. तीच सहलीची घंटा.

चिंगी गेली आईकडे. तुरुतुरु तुरुतुरु, टुणुक!
चुलीवर वरण शिजत होतं. रटरट, रटरट. आईच्या कडेवर हन्नी होती. हन्नी रडत होती. भ्यां! भ्यां!
आई पुटपुटत होती, "काकड्या चिरल्या, दही घातलं, आणि दाण्याचं कूट राहिलं घरी! कुटाशिवाय कसली कोशिंबीर?"
"आई, आई, घंटा वाजव ना!"
"का गं चिंगे, काय झालं?"
चिंगी म्हणाली,
"माझी शेंग पडली पेटीत.
पेटी म्हणते, बाबांशिवाय उघडत नाही.
बाबा म्हणतात, ढोलकीशिवाय बसत नाही.
दादा म्हणतो, गाण्याशिवाय ताल धरत नाही.
ताई म्हणते, पोरांशिवाय गात नाही.
पोरं म्हणतात, घंटेशिवाय निघत नाही.
आणि माझी शेंग मला मिळत नाही!"
"अरेरे," आई म्हणाली. "वाजवते की. पण ही बघ कशी रडतेय. थाळी वाजली तर दचकेल, आणखी रडेल. हन्नी हसल्याशिवाय मी वाजवत नाही."

हन्नी का रडत होती? कुणास ठाऊक. बाळांना रडायला कारण लागतं होय?

आता चिंगी कुणाकडे जाणार? कुणीच उरलं नव्हतं.
कुणी वाईट नव्हतं हं. सगळे अरेरे म्हणाले. पण अरेरे म्हणून शेंग थोडीच बाहेर येते!

चिंगी चढली लाकडांच्या ढिगावर. टुणुक! हन्नीच्या नाकासमोर.
"हन्नी, हन्नी, हस ना!"
हन्नी म्हणाली, "भ्यां!"
चिंगीचेही डोळे भरले. ती म्हणाली,
"माझी शेंग पडली पेटीत."
शेपूट हललं. झुपुक!
"पेटी म्हणते, बाबांशिवाय उघडत नाही."
झुपुक!
हन्नीचं भ्यां थांबलं.
"बाबा म्हणतात, ढोलकीशिवाय बसत नाही."
झुपुक!
हन्नीनं शेपटाकडे पाहिलं.
"दादा म्हणतो, गाण्याशिवाय ताल धरत नाही."
झुपुक!
"ताई म्हणते, पोरांशिवाय गात नाही."
झुपुक!
हन्नीनं हात पुढे केला.
"पोरं म्हणतात, घंटेशिवाय निघत नाही."
झुपुक!
"आई म्हणते, हन्नी हसल्याशिवाय वाजवत नाही."
झुपुक! शेपूट हन्नीच्या नाकाला लागलं.
"आणि माझी शेंग मला मिळत नाही!"

"खि," हन्नी म्हणाली.
मग, "खिखि."
मग, "खिखिखिखि!"
गालावर आसवं तशीच, आणि हन्नी हसतेय खदाखदा!

हन्नी हसली.
आईनं तिला सतरंजीवर ठेवलं, डाव उचलला. ठण ठण ठण! थाळी वाजली.
थाळी वाजली, तशी पोरं निघाली. छपाक छपाक, धुडूम धुडूम!
पोरं आली, तशी ताई गायला लागली.
"पाखराला दाणा देतो,
झाडाला तो पाणी देतो,
देवबाप्पा आमचा,
वाटा देतो साऱ्यांना!"
ताईनं गाणं धरलं, तसा दादानं ताल धरला. धिन ताक, धिन ताक!
ढोलकी वाजली, तसे बाबा पेटीपाशी बसले. टोपी काढली, झाकण उघडलं, भाता हलवला.
भों... खुळखुळ!
भों... खुळखुळ!
"आँ?" बाबा म्हणाले. "आजवर पेटी कधी खुळखुळली नाही!"
बाबांनी पेटी कलती केली. थोडी आणखी. थोडी आणखी.
टप्प! शेंग सतरंजीवर.

चिंगीनं शेंग उचलली. पळाली का ती झाडावर? छे!
तुरुतुरु तुरुतुरु, टुणुक! थेट आईकडे.
शेंग आईच्या हातावर ठेवली.
"ही माझी," चिंगी म्हणाली. "सगळ्यांसाठी."

आईनं शेंगेकडे पाहिलं. कोशिंबिरीकडे पाहिलं. आई हसली.
शेंग फोडली. कट्! आत दोन दाणे, गुलाबी गुलाबी.
एक दाणा दगडावर ठेवला, दुसऱ्या दगडानं ठेचला. ठक ठक! झालं कूट. केवढंसं? चिमूटभर. ते कोशिंबिरीत घातलं, आणि चांगलं ढवळलं.
"बघा रे," बाबा म्हणाले, "हा खरा खारीचा वाटा!"

दुसरा दाणा आईनं चिंगीसमोर धरला.
चिंगी मागं सरली. "नको. मी द्यायला आणली होती."
"अगं वेडाबाई," आई म्हणाली, "वाटून खायचं म्हणजे देणाऱ्यानंही खायचं!"

पंगत बसली. भाकरी आली, वरण आलं, आंबे आले, लोणचं आलं, कोशिंबीर आली.
पण अजून कुणी घास उचलला नाही. आधी प्रार्थना, मग जेवण.
सगळ्यांनी डोळे मिटले. पोरांनी एकेक डोळा किलकिला ठेवला होता, मला माहीत आहे.
एस्तेरताई म्हणाली, "देवबापा, भाकरीसाठी, आंब्यांसाठी, नदीसाठी आणि चिंगीच्या शेंगेसाठी तुझे आभार. आमेन."
"आमेन!" सगळे म्हणाले.
"आमे!" हन्नी म्हणाली. सगळ्यांत उशिरा, सगळ्यांत मोठ्यानं.

दादानं कोशिंबीर खाल्ली. "वा! कूट लागतंय बरं का!"
बाबांनी खाल्ली. "लागतंय, लागतंय!"
पोरांनी तीनतीनदा मागून घेतली.
खरंच लागत होतं का? चिमूटभर कूट आणि एवढी माणसं? ते तुम्हीच ठरवा. पण पातेलं चाटून पुसून लख्ख झालं, एवढं खरं.

पंगतीच्या टोकाला, हन्नीच्या शेजारी, आंब्याचं एक पान मांडलं होतं. त्यावर एक दाणा. दाण्याशेजारी बोटभर कोशिंबीर.
ते पान कुणाचं?
मोठ्यानं सांगा बघू!
चिंगीचं!

चिंगीनं दाणा दोन्ही हातांत धरला. कुटुक, कुटुक, कुटुक. उन्हाळाभर एवढं खाल्लं, पण इतकं गोड काहीच लागलं नव्हतं.

संध्याकाळी टेंपो परत निघाला. घर्रर्र, घर्रर्र. सगळे पेंगत होते. चिंगी हन्नीच्या कुशीत बसली आणि हळूच म्हणाली,
"माझी शेंग पडली पेटीत,
एक दाणा वाटीत,
एक माझ्या पोटात!"
झुपुक.

टेंपो गेला चर्चपाशी,
गोष्ट गेली चिंचेपाशी,
आणि तुम्ही या माझ्या कुशीशी.