सुंदा आणि चालत्या गल्ल्या

टुंग… टुंग… टुंग…

मी तुमच्याएवढा होतो, तेव्हा आमच्या दारावरून पिंजारी जायचा. कापूस पिंजायच्या त्याच्या धनुकलीची तार अशी वाजायची. तो आवाज कानात ठेवा आणि जवळ सरका.

एक होतं शहर. खूप मोठं. आणि तिथल्या गल्ल्यांना पाय होते, बरं का. एका जागी बसून कंटाळा आला की गल्ली उठायची, अंग झाडायची आणि घरं, माणसं, वाळत घातलेली धोतरं, सगळं घेऊन दुसरीकडे जाऊन बसायची. माणसांना त्याची इतकी सवय की कुणाच्या पेल्यातलं पाणी हिंदकळायचं नाही.

तिकडे लांब डोंगरात एक धनगर राहायचा. त्याच्या धाकट्या लेकीचं नाव सुंदा. थोरली गोजरा, तिला त्या शहरात दिलेली. गोजराला बाळ झालं. पण तिला दूध येईना, आणि शहरातलं दूध बाळाला सोसेना. बाळ सुकत चाललं. तिनं सांगावा धाडला, “बाबा, आपली ढवळी शेळी लवकर पाठवा. आमचं घर पिंजाऱ्यांच्या गल्लीत.”

मग सुंदानं ढवळीला दावं लावलं आणि निघाली.

वेशीवर म्हातारा पहारेकरी बसला होता. म्हणाला, “काय गं, शेळीला शहर दाखवायला आणलंस?”

“बहिणीकडे चाललेय, मामा. पिंजाऱ्यांची गल्ली कुठंय?”

“सकाळी इथंच होती. आता कुठं गेली कोण जाणे.”

सुंदाला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. आपण डोंगर तुडवणारी माणसं. गल्लीचं काय एवढं?

मग तिनं डोंगरातली रीत केली. वाट चुकू नये म्हणून धनगर दगडावर दगड रचतात. तसे तिनं एका कोपऱ्यावर रचले आणि पुढे गेली. गल्ली काही मिळाली नाही. मागे येते तर दगड गायब. शोधले तेव्हा चार घरं पलीकडे सापडले. वर शेंदूर, जास्वंदीचं फूल, आणि समोर हात जोडलेली एक बाई.

“मावशी, ती माझी खूण आहे.”

“असं बोलू नये, बाई. उन्हात बसला होता बिचारा देव. आम्ही त्याला सावलीत आणला.”

आता देवाला कसं उचलायचं? मग सुंदानं दुसऱ्या कोपऱ्यावर लिंबाचा डहाळा खोचला. वळून बघते, तर ढवळी शेवटचं पान चघळतेय.

मग म्हणाली, खूणच नको. विहिरीच्या उजव्या हाताची गल्ली, एवढं ध्यानात ठेवायचं. तेवढ्यात ती गल्लीच उठली, पाठ ताणली आणि चालायला लागली. गच्चीवरून एक आजोबा सुंदाला म्हणाले, “जरा बाजूला हो गं, पाय पडेल.”

म्हणजे पहारेकरी खरंच सांगत होता.

सुंदा विहिरीच्या काठावर बसली. ढवळीची कास भरून आली होती आणि तिकडे बाळ उपाशी होतं. तिचे डोळे भरले. समोरचं सगळं धूसर झालं. डोंगरात धुकं उतरतं ना, अगदी तसं. आणि मग तिला आठवलं. धुक्यात मेंढरं दिसत नाहीत, तेव्हा बाबा काय सांगायचे? डोळे मीट आणि ऐक.

तिनं डोळे मिटले. ठण ठण ठण, ही तांब्याची भांडी ठोकणाऱ्या तांबटांची गल्ली. चर्र चर्र, ही भज्यांची. आणि त्यांच्या पलीकडे, अगदी बारीक, टुंग… टुंग… टुंग…

सुंदा उठली आणि पळत सुटली. पिंजाऱ्यांची गल्ली पुढे पुढे चाललेली, कापसाचे पुंजके हवेत उडताहेत, खिडक्यांत माणसं गोळा झालेली.

“पळ गं, वळतेय ती.”

“अगं, शेळीला उचलून घे.”

सुंदानं ढवळीला खांद्यावर टाकलं आणि मेंढरांना घालतात तशी साद घातली, “हुर्र… ये ये ये.”

गल्ली थबकली. तिला आजवर कुणी हाक मारलीच नव्हती. ती मागे फिरली आणि सुंदाच्या पायाशी येऊन बसली. समोरच्याच दारात गोजरा उभी, कडेवर बाळ.

“किती उशीर गं?”

“तुमचं शहर धरून आणायला लागलं, ताई.”

मग ढवळीचं कोमट दूध बाळ घटघट प्यायलं. त्याच्या गालांवर रंग आला. पुढं ते चांगलं गुटगुटीत झालं. सुंदा तिथंच राहिली आणि कानांनी सारं शहर शिकली. सगळी सुखात नांदली. आता तुम्हीही डोळे मिटा.

एवढंच सांगायचं राहिलं. सुंदाची साद ऐकून तांबटांची गल्लीही मागोमाग आली होती. तिनं दारातून वाकून पाहिलं. बाळाचा नुकता डोळा लागला होता. मग तिनं आपले सगळे हातोडे थांबवले आणि पाय न वाजवता हळूच निघून गेली.