दिवाणसाहेबांचं ग्लॅमर

भैरवपूर संस्थानचे दिवाण रंगराव विलायतेहून परतले ते एकच शब्द घोकत: ग्लॅमर! दरबाराला ग्लॅमर हवं, बागेला ग्लॅमर हवं. एके दिवशी त्यांनी राणीसाहेबांपुढे प्रस्ताव मांडला, की मुलींच्या शाळेतला व्याकरणाचा वर्ग मोडून तिथे नाचाचा दिवाणखाना उभारावा.

तो वर्ग सत्यवतीबाईंनी हट्टानं उभा केला होता. संस्कृत आणि इंग्रजी, दोन्ही व्याकरणं त्या मुलींना शिकवीत. बातमी कळताच त्या तडक दरबारात आल्या.

"बाई, ग्लॅमर म्हणजे मोहिनी," दिवाण हसून म्हणाले. "तुमच्या रुक्ष ग्रामरमध्ये ती कुठली? दाखवा, आत्ता माघार घेतो."

बाई ठाम आवाजात म्हणाल्या, "ग्लॅमर शब्दाची व्युत्पत्ती आपणच इंग्रजी कोशात पाहून मोठ्यानं वाचावी."

कोश आला. दिवाण वाचू लागले, तसा त्यांचा आवाज खाली खाली जाऊ लागला. ग्लॅमर हा ग्रामरचाच स्कॉटलंडमधला अपभ्रंश होता! व्याकरण जाणणाऱ्या विद्वानांना जादूही येते, असं जुन्या काळी लोक समजत. म्हणून जादूलाच ते नाव पडलं.

"दिवाणसाहेब," बाई म्हणाल्या, "लेकीला डोक्यावर घेऊन नाचताय आणि तिचं माहेरच मोडायला निघालात?"

दरबार खदखदून हसला. राणीसाहेबांनी फर्मावलं, "वर्ग चालू राहील. आणि दिवाणसाहेबांना मोहिनीची एवढी हौस आहे, तर उद्यापासून त्यांनी पहिल्या बाकावर बसावं!"