डाव्या बाजूचे चार नट

डोंगराच्या माथ्यावर खडकमाळ नावाचं एक गाव होतं. गावाला एक ट्रक होता, आणि ट्रकाला एक मिस्त्री होता. ट्रकाचं वय गावातल्या निम्म्या लग्नांपेक्षा जास्त, आणि मिस्त्रीचा तोरा ट्रकापेक्षा जास्त.

मिस्त्रीचं नाव हैबती. ट्रक होता दूध सोसायटीचा, फौजेच्या लिलावातून आणलेला. चारही चाकांना जोर असलेली ती गाडी होती, म्हणून खडकमाळचा घाट चढायची. दुसरी कुठली गाडी पहिल्याच वळणावर हात टेकायची. दूध खाली डेअरीत न्यायचं, येताना पेंड, मीठ, औषधं आणि माणसं आणायची, हे सगळं त्या ट्रकावर चालायचं. ट्रक उभा राहिला की गाव बसलंच म्हणून समजा.

आणि त्या साली तो उभा राहिला. स्टिअरिंग ताप भरल्यासारखं थरथरायला लागलं. ब्रेक मारला की गाडी आपली डावीकडे, दरीच्या अंगाला ओढ घ्यायची. ड्रायव्हर इब्राहिमभाई शांत माणूस, पण एक दिवस त्यानं किल्ली आणून सोसायटीच्या टेबलावर ठेवली. म्हणाला, "पुढचा एक्सल नवा बांधल्याशिवाय मी बायकापोरांना घेऊन उतरणार नाही."

सोसायटीच्या अध्यक्ष होत्या ठकूकाकू. त्यांनी हैबतीला विचारलं, "किती दिवस?"

"वीस-बावीस," हैबती म्हणाला. "पण एकदा बांधलं की बांधलं. हैबतीनं बांधलेलं पुन्हा खोलत नाहीत."

हे वाक्य तो दिवसातून चारदा तरी म्हणायचा. खोटं नव्हतं ते, हेही सांगितलं पाहिजे. माणूस कामाचा पक्का होता.

ट्रकाचं तोंड उचलून त्यानं लोखंडी घोड्यांवर ठेवलं आणि पुढचं सगळं उतरवलं. चाक ज्या खुंटीवर वळतं, त्या किंगपिनला झिजून अंगठीएवढी खाच पडलेली. त्याच्याभोवतीचे बुश पार खाल्लेले. गाडीचं ओझं पेलणाऱ्या कमानीच्या पाट्यांतले दोन तुटलेले आणि बाकीचे बसून सरळ झालेले. पाटे त्यानं तालुक्याच्या भट्टीवाल्याकडून पुन्हा बाक देऊन आणले. दोन्ही चाकं जोडणारा जाड दांडा, म्हणजे एक्सल, डिझेलनं धुतला, घासला, काळा रंग दिला. नवे किंगपिन, नवे बुश, नवी बेअरिंग. बावीस दिवस तो गाडीखाली होता. बावीस दिवस गावच्या बायका कॅन डोक्यावर घेऊन सात वळणं उतरत होत्या. कुणी कुरकुर केली नाही, पण सगळ्यांच्या माना अवघडल्या होत्या.

हैबतीचे दोन नेम होते. पहिला नेम शहाणपणाचा. नट पूर्ण आवळला की त्यावर आणि बोल्टावर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढायची. नट जरा जरी फिरला तरी रेघ मोडते आणि लांबून दिसते. आधी आवळायचं, मग रेघ. दुसरा नेम मात्र नुसता धाकाचा. गाडीपुढं नारळ फुटला की तिला पाना लावायचा नाही. अपशकुन होतो म्हणे. एकदा इब्राहिमभाई पूजेनंतर आरशाचा स्क्रू पिळायला गेला, तर हैबतीनं त्याला चारचौघांत झापलं होतं.

तेविसाव्या दिवशी सकाळी शेवटचं काम राहिलं होतं. पाट्यांची चळत आणि एक्सल यांना एकत्र कवळून धरणारे जाड वाकडे बोल्ट असतात, त्यांना यू-बोल्ट म्हणतात. एका बाजूला दोन, प्रत्येकाला दोन टोकं, म्हणजे चार नट. उजव्या बाजूचे चार हैबतीनं लांब पाइप लावून असे पिळले, की खांद्यात कळ निघाली. डावीकडचे नुसते हातानं चढवले होते, तेवढ्यात तालुक्याच्या पेपरचा वार्ताहर आला.

"मिस्त्री, एक्सलचा फोटो पाहिजे. ते पांढऱ्या रेघांचं तुमचं ऐकलंय, त्या दिसू द्या."

आता कौतुक कुणाला नको असतं? हैबतीनं ब्रश घेतला आणि आठही नटांवर झकास रेघा ओढल्या. फोटो झाला. गाडी घोड्यांवरून खाली उतरली, मग चहा झाला. मग सोसायटीनं शाल दिली, भाषण झालं, ट्रकाला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फुटला. टाळ्याही झाल्या.

कॅन चढले. अकरा बायका मागे बसल्या. ठकूकाकू पुढे, इब्राहिमभाईच्या शेजारी. किल्ली फिरली, इंजिन धडधडलं, आणि शाल सावरत उभा असलेला हैबती मनातल्या मनात नट मोजायला लागला.

उजव्या बाजूची कळ त्याला आठवत होती. डाव्या बाजूची आठवेना.

त्यानं मनाला समजावलं, रेघ आहे ना? रेघ आहे म्हणजे आवळलंय. पण रेघ कधी ओढली, तेही त्याला आठवत होतं. नट ढिले असले तर काय होईल, हे त्याच्याइतकं त्या गर्दीत कुणाला ठाऊक नव्हतं. दोन वळणं काही होणार नाही. तिसऱ्या-चौथ्याला पाटे सरकतील, एक्सल एका बाजूनं मागे जाईल, आणि चाक आपल्या मनानं वळेल. चौथ्या वळणाला कठडा नाही.

सांगावं, तर आत्ताच शाल घेतलेली. नारळ फुटलेला. वार्ताहर अजून वहीत काहीतरी लिहितोय. हैबतीनं मधला रस्ता काढला. माणूस कात्रीत सापडला की मधला रस्ताच काढतो. खिडकीशी जाऊन म्हणाला, "इब्राहिमभाई, जरा हळू जा. खाली गेल्यावर एकदा बघून घेऊ."

"का? काही राहिलंय का?"

"नाही. आपलं उगाच."

इब्राहिमभाईनं मान हलवली. गाडी निघाली. हैबतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मागे बसलेल्या बायका हात हलवत होत्या, कुणी त्याच्याकडे बघून हसलीसुद्धा. गाडी देवळापर्यंत गेली, पाराला वळसा घातला. तिथून उतार लागतो.

हैबती पळत सुटला. शाल कुठं पडली ते त्यानं पाहिलं नाही. आडव्या वाटेनं तो पुढं जाऊन रस्त्यात दोन्ही हात पसरून उभा राहिला. गाडी थांबली.

"खाली उतरा सगळे," तो म्हणाला. धाप लागली होती. "डावीकडचे नट मी आवळलेत का नाही, मला आठवत नाही."

बावीस दिवस मान मोडून घेतलेल्या बायका त्या. त्यांच्यासमोर हे वाक्य बोलणं किती जड गेलं असेल, ते त्याचं त्याला माहीत. मागून गर्दी येऊन पोचली. कुणीतरी म्हणालंच, "नारळ फुटलेल्या गाडीला पाना? मिस्त्री, तूच सांगायचास ना?"

"सांगायचो. ते सोडा आता, पाना द्या."

सकाळीच घातलेल्या पांढऱ्या सदऱ्यानिशी तो चिखलात पाठीवर झोपला आणि गाडीखाली सरकला. पाना लावला. पहिला नट लोण्यात फिरावा तसा फिरला. पांढरी रेघ मोडली. दुसरा, तिसरा, चौथा, सगळे तसेच. त्यानं आधी ते चारही पाइप लावून दात-ओठ खाऊन आवळले, मग उजवीकडचे तपासले. ते हलले नाहीत.

गाडीखाली काय झालं, ते त्याच्याशिवाय कुणी पाहिलं नव्हतं. बाहेर येऊन 'घट्टच होते, उगाच शंका आली' म्हणाला असता, तर सगळे हसले असते, शाल परत खांद्यावर आली असती आणि विषय मिटला असता. तो बाहेर आला. केसांत चिखल. ठकूकाकूंनी विचारलं, "काय होतं?"

"ढिले होते," हैबती म्हणाला. "चारही. न आवळताच रेघ ओढली मी, फोटोसाठी."

वार्ताहरानं वही मिटली. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आता या गाडीत परत चढायचं का, हाच प्रश्न प्रत्येकीच्या तोंडावर होता. एकीनं तर आपला कॅन उतरवायला हातही लावला. हैबती खाली मान घालून उभा होता. बावीस दिवसांचं काम आणि तीस वर्षांचं नाव एका सकाळीत मातीत गेलं, असं त्याला वाटलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

ठकूकाकू पुढे झाल्या. पदर खोचला, पायरीवर पाय दिला आणि डाव्या चाकावरच्या त्याच जागेवर जाऊन बसल्या.

"काकू, तुम्हाला भीती नाही वाटत?" इब्राहिमभाईनं विचारलं.

"इतकी वर्षं वाटायची," काकू म्हणाल्या. "हा नेहमी म्हणायचा, सगळं घट्ट आहे. खरं का खोटं, कसं कळायचं? आज ढिलं होतं तर ढिलं म्हणाला. आता घट्ट म्हणाला तर मी डोळे मिटून बसेन. बया हो, चढा. दूध नासेल."

बायका चढल्या. हैबतीही चढला, मागे, कॅनच्या मधे, चिखलाच्या सदऱ्यानं. सात वळणं गाडी सरळ उतरली. खाली पोचल्यावर त्यानं सगळ्यांच्या देखत आठही नट पुन्हा तपासले. नवे पाटे पहिल्या ओझ्यानं जरा बसतात, म्हणून एकेक पाव फेरा आणखी आवळला, आणि मगच नवी रेघ ओढली.

तेव्हापासून खडकमाळला गाडीचा नारळ पहिली खेप करून आल्यावर फोडतात.

तात्पर्य: आपल्या कामात खोट राहिल्याची शंका आली, तर लाज गिळून ती सांगावी आणि वेळेवर दुरुस्त करावी. चूक कबूल केल्यानं कारागिराचं नाव जात नाही. त्याच्या शब्दावर लोक विश्वास ठेवायला लागतात.