वैद्यांचा हात

घाटमाथ्यावरच्या एका गावात एकदा एक वृद्ध नेत्रवैद्य राहत असत. मोतीबिंदूवर शलाका चालवण्यात, म्हणजे बारीक सळईने डोळ्यातला पडदा बाजूला सारण्यात, त्यांची ख्याती होती. चाळीस वर्षांत शेकडो माणसे त्यांच्या ओसरीवर चाचपडत आली आणि पाहत परत गेली. तिशीचा एक शिष्य सहा वर्षे त्यांच्याजवळ शिकत होता. गुरूंवर त्याची अशी निष्ठा, की त्यांच्याविषयी बोलताना त्याला मोजके शब्द सापडतच नसत.

औषधी आणायला तो घाटाखालच्या पेठेत गेला असता एका हळदीच्या व्यापाऱ्याशी त्याची गाठ पडली. व्यापाऱ्याच्या आईचा एक डोळा पूर्वीच गेला होता, आणि उरलेल्या डोळ्यातही मोतीबिंदू वाढला होता. पेठेतच एक नेत्रवैद्य होता, याच वृद्ध वैद्यांच्या हाताखाली तयार झालेला. आईला त्याच्याकडे न्यावे, असे व्यापाऱ्याच्या मनात होते. शिष्याने त्याला अडवले. उरला आहे एकच डोळा, तो कुणाच्याही हाती कशाला देता, असे म्हणून त्याने सांगितले, “माझ्या गुरूंचा हात आजवर चुकलेला नाही आणि चुकणारही नाही.”

व्यापाऱ्याने ऐकले. तीन दिवस घाट चढून त्याची बैलगाडी वर आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, उजेड स्वच्छ झाल्यावर, म्हातारीला ओसरीवर पूर्वेकडे तोंड करून बसवले. शिष्य तिचे डोके धरायला मागे उभा राहिला. वैद्यांनी शलाका उचलली, डोळ्याजवळ नेली आणि तिथेच थांबले. मग त्यांनी ती खाली ठेवली, आणि आपला उजवा हात म्हातारीच्या दोन्ही तळहातांत दिला.

“माई, हा थोडा वेळ धरून ठेवा. काय जाणवतं ते मला सांगा.”

शिष्याला काही उमगेना. व्यापारीही बघत राहिला. म्हातारीने तो हात, पाखरू धरावे तसा, अलगद धरून ठेवला. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “थरथरतोय, वैद्यबुवा.”

“वर्षभर थरथरतो आहे. या हाताने मी तुमच्या डोळ्याला शिवणार नाही. पेठेतला वैद्य चांगला आहे. त्याच्याकडे जा.”

व्यापारी संतापला. त्याच्या दारावरूनच आम्ही आलो, म्हाताऱ्या आईची हाडे खिळखिळी झाली, हे आधी का सांगितले नाही, असे त्याने विचारले. वैद्यांनी हात जोडले. व्यापाऱ्याने पाणीही न घेता गाडी जुंपली.

गाडी दिसेनाशी झाली तसा शिष्याचा बांध फुटला. हाताला किंचित कंप असेल, पण आपला अनुभव केवढा, आपण निभावून नेले असते, असे तो म्हणाला. गुरूंचे नाव गेले याचेच त्याला दुःख होते. पेठेत जे बोललो ते केवळ आदरापोटी, असेही त्याने सांगितले.

वैद्य म्हणाले, “माझ्या हातून सांडलेला काढा तू रोज पुसतोस. तरीही तू त्यांना तसं सांगितलंस. याला अतिमूल्यन म्हणतात. आहे त्याहून अधिक मोल ठरवणं. शब्द पोथीतला वाटतो, पण माणसं तो रोज जगतात. बाप मुलाच्या हुशारीचं अतिमूल्यन करतो, मग मुलाला ‘येत नाही’ म्हणायची लाज वाटू लागते. पोहणारा आपल्या दंडांचं करतो आणि पुरात उडी घेतो. कुणाला कमी लेखलं, तर तो निदान रागावतो तरी. जास्त लेखलं तर तो सुखावतो, म्हणून ही चूक कुणी दाखवत नाही.”

शिष्याची मान खाली गेली.

“एकट्या तुझी चूक नाही,” वैद्य म्हणाले. “लोक म्हणत राहिले आणि मी ऐकत राहिलो. आज शलाका उचलली तेव्हा क्षणभर मलाही ते खरं वाटलं. त्या क्षणाची किंमत त्या बाईच्या डोळ्याने मोजली असती. आदर असेल, तर माणूस जेवढा आहे तेवढा बघावा. त्याहून मोठा करून ठेवला, की तो आपल्याला दिसेनासाच होतो.”

दीड महिन्याने तीच बैलगाडी पुन्हा वर आली. पेठेतल्या वैद्याने पडदा सारला होता. म्हातारी मुलाचा हात न धरता ओसरीच्या पायऱ्या चढली. व्यापारी ओशाळून मागे उभा राहिला. तिने वैद्यांना निरखून पाहिले, अगदी पायांपासून डोक्यापर्यंत.

“तुमच्याबद्दल इतकं ऐकलं होतं,” ती म्हणाली, “मला वाटलं होतं, चांगले उंचेपुरे असाल.”

वैद्य हसले. शिष्यानेही त्यांच्याकडे पाहिले. ठेंगणा बांधा, वाकलेली पाठ, मांडीवर थरथरणारा हात. वैद्यांना पाहुणीसाठी उठायचे होते आणि ते एकट्याने जमत नव्हते. शिष्य पुढे झाला आणि त्याने त्यांना आधार दिला.